लाखेखालचा ठसा: एका रत्नजडित फ्रेंच पुतळीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंग्लंडच्या उत्तर भागातील एका गावात घडले. संबंधितांच्या परवानगीने ते लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि विक्रीची रक्कमही त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाही. माझे काम जुन्या वस्तूंच्या संवर्धनाचे, त्यातही प्रामुख्याने धातू आणि मीनाकारीचे आहे. ज्या मराठी दांपत्याने मला बोलावले त्यांना मी पूर्वीपासून काका-काकू म्हणत आले आहे, म्हणून इथेही तसाच उल्लेख करते.

काकूंच्या शेजारी एक वृद्ध इंग्रज बाई एकट्या राहत असत. त्यांच्या अखेरच्या वर्षांत औषधपाणी, बाजारहाट, डॉक्टरांकडे नेणे-आणणे हे सारे काकूंनी घरच्या माणसासारखे केले. बाई गेल्यावर त्यांच्या मृत्युपत्रात काकूंच्या नावे एकच वस्तू निघाली: दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात कायम असणारी एक लहान पुतळी. तिच्याखाली बाईंच्या वडिलांच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी होती, "फ्रेंच, सोळावे शतक". जुन्या विमापत्राच्या यादीतही नेमके हेच शब्द टंकलिखित केलेले होते.

पुतळी चौथऱ्यासह जेमतेम चौदा सेंटिमीटर उंच आहे. उजव्या मनगटावर शिकारी ससाणा बसवलेली, डावा पाय किंचित पुढे टाकलेली ही स्त्री सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची आहे. चेहरा आणि हात दुधी मीन्याचे, चोळी गडद निळ्या मीन्याची, आणि खांद्यावरून घोट्यांपर्यंत आलेला झगा पारदर्शक लाल मीन्याचा. कमरपट्ट्यात गार्नेटचे बारीक खडे, गळ्यात चार लहान पाचू, ससाण्याच्या छातीवर एक मोती. ती लंबगोल लाजवर्दी दगडावर उभी आहे, दगडाला चांदीची मुलामा दिलेली कड आहे आणि पायांभोवती हिरवे गवत दाखवले आहे. उन्हात धरली की लाल झगा आतून पेटल्यासारखा दिसतो. याचे कारण कारागिरीत आहे: पारदर्शक लाल मीना थेट चांदीवर दिला तर त्याचा रंग बिघडून तपकिरीकडे झुकतो, म्हणून या कारागिराने मीन्याखाली सोन्याचा पातळ वर्ख घातला आहे. एका पडलेल्या टवक्याच्या कडेला तो वर्ख केसाएवढ्या पिवळ्या रेषेसारखा भिंगातून स्पष्ट दिसत होता.

गोल घडवलेल्या आकृतीवर सर्व बाजूंनी मीना चढवण्याची ही रीत पॅरिसमध्ये १४०० च्या सुमारास पूर्णत्वाला पोहोचली. १४०५ च्या नववर्षदिनी राणी इझाबोने आपला पती, फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स, याला भेट दिलेला 'सोनेरी घोडा' आज बव्हेरियातील आल्टओटिंगला आहे आणि ती या रीतीची सर्वांत प्रसिद्ध कृती मानतात. एकोणिसाव्या शतकात युरोपातील धनिकांना मध्ययुगाची आणि पुनरुज्जीवन काळाची (रेनेसान्सची, साधारण पंधराव्या-सोळाव्या शतकांची) ओढ लागली, तेव्हा पॅरिस आणि व्हिएन्नातील कारागिरांनी हीच रीत पुन्हा हाती घेतली. त्यातल्या काहींनी आपले काम आपल्या काळाचे म्हणून विकले, तर काहींचे काम दलालांनी तीनशे वर्षे जुने म्हणून खपवले. चिठ्ठीवरच्या 'सोळावे शतक' या दोन शब्दांकडे याच कारणाने सावधपणे पाहणे आवश्यक होते.

अडचण कशी उभी राहिली

पुतळीचा उजवा हात कोपरापासून निखळला होता आणि ससाण्यासह एका डबीत ठेवला होता. झग्याच्या मागच्या बाजूला, खांद्यावर आणि चोळीवर मीन्याचे टवके गेले होते. काका-काकूंना पुतळी विकायची होती, कारण घरात दोन नातवंडे धावपळ करणारी आणि कपाट तर नव्हतेच. मोडकी वस्तू विकायला नेणे बरे दिसणार नाही, या सरळ विचाराने काकांनी ती गावातील एका जवाहिऱ्याकडे नेली.

त्या दुकानात दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे अंदाज देण्याआधी पुतळी 'जरा उजळून' बघू म्हणून ती अल्ट्रासॉनिक यंत्रात काही मिनिटे बुडवली गेली. अंगठ्या-साखळ्यांसाठी हे यंत्र उत्तम आहे, पण मीना ही धातूला चिकटलेली काच असते, आणि जुन्या मीन्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. त्या कंपनांनी चोळीवरील निळ्या मीन्याचे आणखी तीन टवके उडाले आणि यंत्रातल्या गाळाबरोबर वाहून गेले. दुसरी गोष्ट म्हणजे पूर्ण दुरुस्तीचा प्रस्ताव: सगळा जुना मीना आणि चिकटवलेले भाग काढून टाकायचे, हात डाख देऊन जोडायचा, पुन्हा मुलामा द्यायचा आणि नवा मीना भट्टीत भाजायचा. काकांनी थोडी आगाऊ रक्कमही दिली होती.

त्याच संध्याकाळी काकूंचा फोन आला. "अगं, तीन ठिकाणी निळं निघालं आहे. त्यांनी सांगितलं, जुनं सगळं काढून नवं करून देतो. पण जुनं काढलं तर मग ती बाईंची राहील का?" त्यांच्या या प्रश्नामुळेच मी दुसऱ्या दिवशी गाडी पकडली.

त्यातच एक मुदत होती. मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी वस्तूची किंमत ठरवून द्यायची असते, आणि ती मृत्यूच्या दिवशी खुल्या बाजारात जी आली असती तीच धरतात. वकिलांनी विमायादीतले 'सोळावे शतक' तसेच उचलून फार मोठा आकडा लिहिला होता. तो टिकला असता तर बाईंच्या मालमत्तेवर नसलेल्या किमतीचा करभार पडला असता.

समोर असलेले मार्ग

जवाहिऱ्याचा प्रस्ताव सर्वांत आकर्षक दिसत होता, कारण त्यातून एक अखंड, चकचकीत वस्तू हाती आली असती. पण तो मी पूर्णपणे नाकारावा असा सल्ला दिला, आणि तो का दिला हे इथे सविस्तर मांडणे मला गरजेचे वाटते. मीना भाजायला साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअस तापमान लागते. त्या उष्णतेत मोती जळतो, पाचू तडकतो, आणि ज्या जागी मीना शाबूत आहे तिथेही तो नव्याने भेगाळतो. शिवाय हाताच्या जुन्या सांध्यात करड्या रंगाचा मऊ डाख दिसत होता, म्हणजे कोणीतरी पूर्वी शिशाचा डाख वापरला होता. शिसे उरलेली चांदी जास्त तापवली तर शिसे चांदीत उतरते आणि तिला खड्डे पाडते. ही हानी कोणालाही भरून काढता येत नाही. यापेक्षाही माझ्या मनात मोठी भीती होती ती वेगळी. वस्तू कोणी, कुठे, केव्हा घडवली याची साक्ष तिच्या जुन्या मीन्यात, डाखात, चिकटवलेल्या भागांत आणि कडेवरच्या घासलेल्या ठशांत असते. दुरुस्ती आधी केली तर तपासायला काही उरत नाही.

या धंद्याच्या इतिहासातील एक गोष्ट मी काकांना सांगितली. पॅरिसमध्ये १४०० च्या आसपास घडवलेली 'पवित्र काट्याची मंजूषा' (येशूच्या काटेरी मुकुटातला मानलेला काटा ठेवण्याची पेटी) ही सोन्याची मीनाकारी कृती व्हिएन्नाच्या राजकोशात होती. १८६० च्या दशकात ती सालोमन वाइनिंगर नावाच्या कारागिराकडे दुरुस्तीला दिली. त्याने तिची हुबेहूब नक्कल केली, नक्कल परत दिली आणि अस्सल वस्तू विकून टाकली. अस्सल मंजूषा पुढे फर्डिनंड रॉथशील्ड यांच्या संग्रहातून १८९८ मध्ये ब्रिटिश म्युझियमला मिळाली, आणि व्हिएन्नाला आपल्याकडे नक्कल आहे हे उमजायला कित्येक दशके गेली. गावच्या जवाहिऱ्याच्या हेतूवर मला अजिबात शंका घ्यायची नव्हती. दुरुस्तीला देण्याआधी वस्तूची नोंद नसेल तर नंतर कशाचीच खात्री करता येत नाही, एवढेच मला दाखवायचे होते. काका बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आगाऊ पैसे गेले तर गेले, आपण पुतळी परत आणू."

दुसरा मार्ग होता वस्तू आहे तशी, चिठ्ठीसह, लिलावगृहाकडे सोपवण्याचा. त्यात श्रम कमी होते. परंतु विशेषज्ञ तपासणीशिवाय गेलेली अशी वस्तू एकतर 'सोळाव्या शतकाच्या शैलीत' अशा मोघम वर्णनाखाली स्वस्तात जाते, किंवा चिठ्ठीवर विश्वास ठेवून चढ्या भावाने विकली जाते आणि नंतर घेणारा परत करायला येतो. काकूंनी दुसरी शक्यता ऐकताच नकार दिला.

संग्रहालयाला देण्याचाही विचार झाला, पण इतकी अनिश्चित ओळख असलेल्या वस्तूसाठी कोणतेही संग्रहालय आधी तपासणीच मागेल, म्हणजे फिरून तिथेच यायचे होते. राहिला शेवटचा मार्ग: सर्व काम थांबवायचे, नोंद करायची, ओळख निश्चित होईल तेवढी करायची, आणि मग जेवढी अत्यावश्यक तेवढीच दुरुस्ती करायची. यात तीन महिने आणि काही खर्च होता. वकिलांनी मुदत वाढवून घेण्याची तयारी दाखवली आणि हा मार्ग ठरला.

पहिली तपासणी, आणि माझी चूक

सुरुवात छायाचित्रांनी केली: सर्व बाजूंनी, साध्या उजेडात, तिरप्या उजेडात आणि मग अंधारात अतिनील दिव्याखाली. चेहरा हस्तिदंती तर नाही ना, हेही लगेच पाहिले, कारण ६ जून २०२२ पासून ब्रिटनमध्ये हस्तिदंताच्या व्यवहारावर कडक बंदी आहे आणि सवलत हवी असेल तर वस्तूची नोंदणी करावी लागते. भिंगाखाली गालावर सुईच्या टोकाएवढे दोन बुडबुडे दिसले. हस्तिदंतात बुडबुडा असत नाही. तो काचेतच असतो. ती शंका फिटली.

अतिनील दिव्याने जे दाखवले ते माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त होते. खांद्यावरचा एक भाग निळसर पांढरा चमकला: अलीकडच्या काळातील इपॉक्सी, म्हणजे कृत्रिम राळेचा गोंद. पण पायांभोवतीचे ते हिरवे गवत, जे मी डोळ्यांनी मीना समजले होते, ते सबंध नारिंगी झाले. नारिंगी चमक ही शुद्ध केलेल्या लाखेची, म्हणजे शेलॅकची ओळख आहे. आपल्याकडे पोकळ दागिन्यांत जी लाख भरतात तिचेच हे धुऊन गाळलेले रूप, आणि युरोपात ते मुख्यतः हिंदुस्थानातूनच जाई. गवत मीन्याचे नव्हतेच. हिरवा रंग मिसळलेली लाख ओतून झग्याची खालची कड आणि दगड यांमधली फट कोणीतरी बुजवली होती.

त्याच दिवशी चौथऱ्याच्या कडेवर मला ठसा सापडला. लंबगोल चौकटीत, जेमतेम दोन मिलिमीटरचा, उभ्या मानेचा हंस. फ्रान्समध्ये १८९३ पासून मूळ ठाऊक नसलेल्या किंवा परदेशातून आलेल्या चांदीवर हंसाचा ठसा मारतात. काकांना मी तो भिंगातून दाखवला तेव्हा ते आनंदाने म्हणाले, "म्हणजे फ्रेंचच!" मला मात्र उलट वाटले. हंस म्हणजे ही वस्तू फ्रान्सच्या बाहेरची असल्याचे फ्रेंच सरकारने मानले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नात हेर्मान बोम आणि हेर्मान रात्सेर्सडोर्फर यांच्यासारख्या कारखानदारांनी अशा मीनाकारी चांदीच्या वस्तू मोठ्या प्रमाणावर घडवल्या होत्या. शैली जुळत होती. मी वकिलांना प्राथमिक पत्र पाठवले आणि त्यात 'बहुधा व्हिएन्ना, १८८० नंतर' असे लिहिले.

हे पत्र घाईचे होते. हंसाचा ठसा फक्त एवढेच सांगतो की १८९३ नंतर कधीतरी ही चांदी फ्रान्सच्या बाजारातून गेली आणि तिच्या मुळाचा पुरावा त्या वेळी कोणाकडे नव्हता. फ्रान्समध्येच घडलेली पण खुणा झिजलेली वा झाकलेली जुनी वस्तू विक्रीला आली तर तिच्यावरही हंस बसू शकत होता. त्याहून मोठी चूक ही, की ठसा चौथऱ्याच्या कडेवर होता आणि मी त्याला पुतळीबद्दल बोलायला लावले. चौथरा आणि पुतळी एकाच वेळी, एकाच हाताने घडले आहेत याचा माझ्याकडे कोणताही पुरावा नव्हता. उलट लाखेचे ते गवत हेच सांगत होते की दोन्ही नंतर एकत्र आणले गेले असावेत, कारण जो कारागीर लाल मीन्याखाली सोन्याचा वर्ख घालतो तो गवत लाखेचे करणार नाही.

लाख काढावी का

हा या प्रकरणातील सर्वांत अवघड निर्णय होता. फ्रान्समधील जुन्या चांदीवर दोन प्रकारचे ठसे शोधायचे असतात. एक म्हणजे कारागिराचा, जो १७९७ पासून शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीतच मारावा लागे. दुसरा शासकीय, धातूच्या शुद्धतेचा: १८३८ पासून मोठ्या चांदीच्या वस्तूंवर मिनर्व्हा देवीचे मस्तक, आणि लहान वस्तूंवर पॅरिसमध्ये रानडुकराचे डोके तर प्रांतांमध्ये खेकडा. रानडुकराचा ठसा १९६२ पर्यंत चालला, खेकडा त्यानंतरही चालू राहिला. अशा पुतळीवर हे ठसे असलेच तर झग्याच्या खालच्या जाड कडेवर असण्याचा संभव जास्त, कारण मीना नसलेली उघडी चांदी तिथेच असते. आणि नेमकी तीच कड लाखेखाली होती.

लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि मीन्याला स्पिरिटने काही होत नाही, त्यामुळे तांत्रिक अडचण नव्हती. अडचण वेगळी होती. ही लाखसुद्धा आता पुतळीच्या आयुष्याचा भाग होती. ती काढली की कोणी, केव्हा, कशी पुतळी दगडावर बसवली याचा पुरावा जाणार होता. जवाहिऱ्याला 'जुने काढू नका' म्हणणारी मीच जुने काढायला बसले होते. मी काकूंना तसे स्पष्ट सांगितले आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. त्यांनी विचारले, "सगळंच काढावं लागेल का?" आणि तिथेच उत्तर मिळाले.

तिरप्या उजेडातल्या छायाचित्रांकडे पुन्हा पाहिले. झग्याच्या मागच्या बाजूला, जिथे लाखेचा थर संपत होता, तिथे चांदीत एक तिरकी खोलगट रेष लाखेखाली शिरताना दिसत होती. ओरखडा असता तर ती वाहत गेली असती. ही एका कोनात वळत होती. तेवढीच जागा, साधारण सात मिलिमीटर लांब, उघडायचे ठरवले. काढलेल्या लाखेचा नमुना काचेच्या कुपीत ठेवला. कापसाच्या बारीक बोळ्याने, थेंबाथेंबाने लाख मऊ करत एक अख्खी दुपार गेली. प्रथम शंकरपाळ्याचा वरचा कोन आला, मग त्यातील एक अक्षर, दुसरे मात्र पार घासलेले. त्याच्या डाव्या बाजूला, रंगाचा शेवटचा पापुद्रा निघाल्यावर, एक लहान आखूड मुस्कट आणि वर उचललेला कान दिसला. रानडुकराचे डोके. काकू माझ्या शेजारी बसून होत्या. मी भिंग त्यांच्या हातात दिले आणि काही बोलले नाही.

पुतळी पॅरिसची, आणि १८३८ नंतरची. म्हणजे 'फ्रेंच' खरे, 'सोळावे शतक' खोटे, आणि माझे 'व्हिएन्ना'ही चुकीचे. हंस कडेवर का, याचाही उलगडा पटण्याजोगा झाला. चौथरा कुठूनतरी आला, पुतळी त्यावर लाखेने बसवली गेली, पुतळीचे ठसे झाकले गेले, आणि १८९३ नंतर कधीतरी वस्तू फ्रान्समध्ये विक्रीला आली तेव्हा तपासनिसाला दिसणाऱ्या कडेवर हंस मारणे भाग पडले.

काळ अधिक नेमका करण्यासाठी एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत क्ष-किरण प्रतिदीप्तीने (क्ष-किरण टाकून वस्तूतली मूलद्रव्ये ओळखण्याच्या पद्धतीने) मीन्याची तपासणी केली. हिरवा मीना ससाण्याच्या पंखांवर आणि झग्याच्या अस्तरावर होता. लाखेच्या गवतापासून मुद्दाम दूर राहिलो. दोन्ही ठिकाणी क्रोमियम आढळले. क्रोमियम हे मूलद्रव्य फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होकलँ यांनी पॅरिसमध्येच १७९७ मध्ये शोधले, त्यामुळे ज्या हिरव्या मीन्यात ते आहे तो सोळाव्या शतकातला असूच शकत नाही. एकाच जागेचे मोजमाप घेऊन थांबलो असतो तर तो नंतरच्या दुरुस्तीचा मीना असेल, ही शंका राहिली असती. अस्तराच्या खोल घडीत, जिथे कोणाचा हात पोहोचत नाही, तिथलाही निकाल तोच आला म्हणून ती गेली. ठसे, शैली आणि मीना एकत्र धरून आम्ही 'पॅरिस, एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध' इथवर आलो आणि त्यापुढे गेलो नाही. एका अक्षरावरून कारागिराचे नाव लावण्याचा मोह मला झाला होता. पॅरिसमध्ये त्या अक्षराने सुरू होणारे अनेक सोनार नोंदलेले आहेत.

काकूंना सांगणे

वकिलांना नवा अहवाल पाठवणे सोपे होते. काकूंशी बोलणे सोपे नव्हते. "बाईंनी आयुष्यभर हे सोळाव्या शतकातलं म्हणून जपलं. त्यांच्या वडिलांनी खोटं लिहिलं का गं?" असे त्यांनी विचारले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

मी त्यांना जे सांगितले ते मनापासूनचे होते. त्या काळी भल्याभल्या संग्राहकांची आणि संग्रहालयांची फसगत झाली. पॅरिसचे दलाल फ्रेडेरिक श्पित्झर यांच्या संग्रहाचा १८९३ मध्ये लिलाव झाला तेव्हा त्यात तीन हजारांहून अधिक वस्तू होत्या, आणि त्यांतील कित्येक पुनरुज्जीवन काळातल्या म्हणून गेल्या. त्यांपैकी काही आखेनचे सोनार राइनहोल्ड फास्टर्स आणि पॅरिसचे आल्फ्रेड आंद्रे यांच्या कारखान्यांतून आल्या होत्या. फास्टर्स यांची हजाराहून अधिक रेखाचित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये होती, तरी ती या 'सोळाव्या शतकातील' दागिन्यांचीच आहेत हे १९७९ मध्ये उघड झाले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधला रोस्पिल्योझी चषक सोळाव्या शतकातील नामवंत इटालियन सोनार बेनव्हेनुतो चेलिनीचा म्हणून मिरवत होता. तो आता फास्टर्सचा मानतात. बाईंच्या वडिलांनी त्यांना विकणाऱ्याने जे सांगितले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले, एवढेच त्या चिठ्ठीवरून म्हणता येते. आणि लाल मीन्याखाली वर्ख घालणारा पॅरिसचा तो कारागीर, त्याचे नाव आज वाचता येत नसले तरी, फसवणारा नव्हता. त्याने आपला शंकरपाळी ठसा उघड्या कडेवर मारला होता. तो नंतर दुसऱ्या कोणी झाकला.

काकू काही वेळाने म्हणाल्या, "मग ते अक्षर पुन्हा झाकू नकोस." ते झाकले नाही.

प्रत्यक्ष काम

ओळख झाल्यावर दुरुस्ती थोडीच उरली. सुटू पाहणारा मीना पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेच्या पातळ द्रावणाने बसवला; हे द्रव्य ॲसिटोनने केव्हाही पुन्हा काढता येते. हात त्याच राळेने जोडला, जुना शिशाचा डाख तसाच ठेवला. खांद्यावरची इपॉक्सी काढावी की ठेवावी यावर काका आणि मी दोन दिवस बोललो. ती कुरूप होती, पण काढताना शेजारचा अस्सल लाल मीना उचकटण्याचा धोका होता, म्हणून फक्त वरचा पिवळा पडलेला थर घासून एकसारखा केला. चोळीवरचे यंत्रात गेलेले तीन टवके भरावेत असा काकांचा आग्रह होता, कारण ते 'आपल्यामुळे' गेले असे त्यांना सलत होते. शेवटी त्यांतला फक्त एक, समोरून दिसणारा, रंगीत राळेने भरला आणि तो जवळून वेगळा ओळखू येईल अशा किंचित फिक्या छटेत ठेवला. बाकी दोन जागा उघड्याच आहेत. लाखेच्या खिडकीला हात लावला नाही. गवताच्या मागच्या बाजूला सात मिलिमीटरची चांदी आज उघडी दिसते.

निष्पत्ती

नव्या वर्णनासह मूल्यांकन झाले आणि मृत्युपत्राच्या कागदांत आकडा दुरुस्त केला गेला; तो सोळाव्या शतकाच्या अंदाजाच्या खूप खाली आला. पुतळी युरोपीय शोभावस्तूंच्या विशेष लिलावात गेली. यादीत ठसे, क्रोमियमचा निकाल, दुरुस्त्या, यंत्रातली हानी आणि इपॉक्सी हे सारे नमूद केले होते. तिला गावच्या जवाहिऱ्याने तोंडी सांगितलेल्या किमतीहून कितीतरी अधिक किंमत आली. घेणाऱ्या संग्राहकाने कळवले की लाखेतली ती उघडी खिडकी पाहूनच त्याने बोली वाढवली.

पुन्हा करायचे झाले तर

पुतळी हाती आल्या दिवशीच, कोणालाही देण्याआधी, चार बाजूंनी छायाचित्रे काढायला मी काकांना फोनवर सांगायला हवे होते. त्यांनी मला जवाहिऱ्याकडे जाणार असल्याचे आदल्या आठवड्यात सांगितले होते आणि मी "विचारून तर बघा" म्हणाले होते. ते तीन निळे टवके माझ्या त्या वाक्याने गेले, असे मी आजही मानते. यंत्रातला गाळ गाळून ठेवायला कोणी सांगितले असते तर ते परत जागेवर बसवता आले असते.

दुसरे, ठसा सापडला की तो वस्तूच्या नेमक्या कोणत्या तुकड्यावर आहे, हे लिहिल्याशिवाय त्यावरून देशाचे नाव काढायचे नाही. 'बहुधा व्हिएन्ना' हे पत्र मागे घेताना वकिलांनी काही आक्षेप घेतला नाही. पण ते पत्र त्यांच्या संचिकेत कायमचे आहे, आणि उद्या कोणी ती उघडली तर त्या वस्तूच्या इतिहासात माझाही एक चुकीचा कागद आहे. म्हणून अंतिम अहवालात ते पत्र रद्द का केले याचा एक पूर्ण परिच्छेद मी घातला.

बाईंच्या वडिलांची चिठ्ठी मात्र आम्ही बदलली नाही आणि फेकलीही नाही. काकूंनी ती प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात घालून अहवालाला जोडली, आणि पुतळीबरोबर ती नव्या घरी गेली.